बाबा सहाव्या रांगेत, मी अठ्ठाविसाव्या

गोंदियात रेल्वे स्टेशनबाहेर, रिक्षा उभ्या राहतात त्याच्या बाजूला माझं तिकिटाचं दुकान आहे. एक काउंटर, एक कॉम्प्युटर, एक प्रिंटर आणि गिऱ्हाइकांसाठी दोन प्लास्टिकच्या खुर्च्या. सुरुवातीला फक्त रेल्वेची तिकिटं काढायचो. मग इकडची पोरं नोकरीसाठी पुणे, हैदराबाद, बेंगळुरूला गेली, त्यांचे आईबाप त्यांना भेटायला निघाले, आणि मी विमानाचीही तिकिटं काढायला लागलो. बहुतेकांना नागपूरहून विमान धरायचं असतं.

इतक्या वर्षांत एकाही गिऱ्हाइकाने मला "चांगलं विमान कोणतं?" असं विचारलेलं नाही. "सबसे सस्ता कौन सा है?" हाच प्रश्न. राइस मिलवाला शेठ असो की सुट्टी संपवून निघालेला फौजी. तिकीट काढताना स्क्रीनवर एकामागून एक चौकोन येतात. सीट निवडायची का, जेवण हवं का, जास्तीचं सामान आहे का, आधी आत बसायचं का. प्रत्येकाचे पैसे वेगळे. मी गिऱ्हाइकाला न विचारता सगळीकडे "नको" दाबत जायचो. बोटांना सवयच झाली होती. विमान कंपनीच्या खिशात एक रुपया जास्त जाऊ दिला नाही, याचा मला अभिमान होता आणि गिऱ्हाइकांनाही तेच आवडायचं.

परत आल्यावर हीच माणसं माझ्या खुर्च्यांवर बसून तक्रारी करायची. गुडघे समोरच्या सीटला टेकत होते. चार तास उशीर झाला, कोणी विचारलं नाही. बायको एकीकडे, मी एकीकडे. मी चहा मागवायचो, ऐकून घ्यायचो आणि मनात हसायचो, कारण पुढच्या खेपेला तेच गिऱ्हाईक तोच प्रश्न विचारणार हे मला माहीत असायचं.

बाबांच्या बाबतीत मी वेगळं काही केलं नाही.

आमचं गाव अर्जुनी मोरगावकडे. बाबा गावच्या तलावाचे पाणकर होते. कोणाच्या धानाला कधी आणि किती वेळ पाणी सोडायचं, हे त्यांच्या शब्दावर चालायचं. आई गेल्यावर मी त्यांना गोंदियाला घेऊन आलो. वर्षभर बरं चाललं. मग एक दिवस ते भर दुपारी फावडं शोधायला लागले. फावडं कशाला, तर कोणाच्या तरी बांधीला, म्हणजे धानाच्या शेताला, पाणी सोडायचं होतं. बायकोने त्यांना समजावलं की आपण शहरात आहोत, इथं बांधी नाही. ते हसले, "मालूम आहे ना मले," म्हणाले आणि दहा मिनिटांनी पुन्हा फावडं मागायला लागले.

हळूहळू ते घराबाहेर निघून जायला लागले. एकदा त्यांना घेऊन गावाकडे जात होतो. सौंदडला गाडी थांबली, मी वरच्या फळीवरची पिशवी काढेपर्यंत ते उतरून चालायला लागले होते. गाडी सुटता सुटता मी उडी मारली. पिशवी गाडीतच गेली. प्लॅटफॉर्मवर त्यांचा हात धरला तेव्हा ते मलाच रागावले, "काऊन धावून राहिला असा? पडशील ना."

एक गोष्ट तेव्हा माझ्या लक्षात आली होती. मी डोळ्यांसमोर असलो की ते शांत असायचे. दुकानात आणून समोरच्या खुर्चीत बसवलं तर दिवसभर बसायचे. मी चहा सांगायला बाहेर गेलो की लगेच उठायचे.

माझा धाकटा भाऊ बेंगळुरूला असतो. तिथल्या एका मोठ्या डॉक्टरची वेळ त्याने महिनाभर खटपट करून मिळवली. रेल्वेने जवळजवळ एक दिवस लागला असता, आणि मधे इतकी स्टेशनं. सौंदडचा प्रसंग ताजा होता. म्हणून विमानाने न्यायचं ठरलं.

फोनवर भाऊ म्हणाला, "दादा, सीट घेऊन टाक दोन्ही बाजूबाजूच्या. पैसे मी पाठवतो."

मी म्हणालो, "मले शिकवतो का? हा धंदा आहे माझा. एका तिकिटावरच्या दोन माणसांना सहसा बाजूलाच देतात. नाही दिली तर आत गेल्यावर बदलून घेऊ. कोनी नाही म्हणत नाही म्हाताऱ्या माणसाले."

आणि मी सगळीकडे "नको" दाबलं. दोन सीटांचे पैसे फार नव्हते. नागपूर स्टेशनवर आम्ही दोघांनी नाश्ता केला, त्याला लागले साधारण तेवढेच.

आदल्या दिवशी कंपनीने सीट दिल्या. बाबांना सहाव्या रांगेत, मला अठ्ठाविसाव्या. दोन्ही मधल्या. तेव्हा पैसे भरून बदलायला गेलो तर बाजूबाजूच्या दोन रिकाम्या सीट उरल्याच नव्हत्या. विमान भरलं होतं. तरी मला फार काळजी वाटली नाही.

नागपूर विमानतळावर काउंटरवरच्या मुलीला बाबांची अवस्था सांगितली. ती चांगली होती. तिने कॉम्प्युटरमध्ये बराच वेळ पाहिलं आणि म्हणाली, "सर, पुढच्या सीट लोकांनी पैसे देऊन घेतल्यात. मला त्यांना हलवता येत नाही. तुम्ही आत विनंती करा, होऊन जाईल."

तपासणीच्या जागी बाबांच्या खिशातली चुन्याची डबी ट्रेमध्ये ठेवायला लावली. डबी यंत्रातून पलीकडे गेली आणि बाबा बिथरले. ती परत हातात मिळाली तरी त्यांची समजूत पटेना. ती आपली नाहीच म्हणून ते त्या जवानाशी भांडायला लागले. त्यांना शांत करून, दोनदा लघवीला नेऊन आम्ही दारापाशी पोचलो तेव्हा सगळे आत जाऊन बसले होते. आम्ही शेवटचे.

सहाव्या रांगेत खिडकीशी एक कॉलेजची मुलगी कानात वायर घालून झोपली होती. कडेला माझ्याच वयाचा एक माणूस होता, एक पाय लांब करून बसलेला. मी हात जोडले. "भाऊसाहेब, हे माझे वडील आहेत. यांना विस्मरणाचा आजार आहे. मी बाजूला नसलो की घाबरतात. तुम्ही माझ्या जागेवर जाता का?"

त्याने माझी जागा विचारली. अठ्ठाविसावी रांग, मधली, हे ऐकल्यावर त्याने गुडघ्याला हात लावला. "माझं ऑपरेशन झालंय. पाय दुमडत नाही. म्हणून तर जास्त पैसे देऊन ही सीट घेतली. सॉरी."

तो खोटं बोलत नव्हता. त्याची पट्टी पँटवरूनही दिसत होती. त्याने आधी विचार केला होता, मी केला नव्हता.

एअर होस्टेस आली. तिने बाबांना बसवलं, पट्टा लावला आणि मला म्हणाली, "तुमच्या बाजूला कोणी तयार असेल तर यांना मागे आणू." मी मागे गेलो. माझ्या बाजूचा एक तरुण मुलगा एका शब्दात तयार झाला. तो उठलासुद्धा. पण तेवढ्यात दार बंद झालं, विमान हललं, आणि ती होस्टेस धावत आली. "आता नाही. बसा. वर गेल्यावर पट्ट्याचा दिवा बंद झाला की लगेच बदलू. पंधरा मिनिटं फक्त."

पंधरा मिनिटं. मी मान हलवली आणि पट्टा लावला.

ते पावसाळ्याचे दिवस होते. विमान वर चढलं आणि ढगांत शिरलं. कच्च्या रस्त्यावर एस.टी. उडते तसं उडायला लागलं. पायलटने सांगितलं की हवा खराब आहे, कोणीही जागेवरून उठू नका, कर्मचाऱ्यांनीही बसून घ्या.

मग मला आवाज आला.

"मोठ्या."

मी घरातला मोठा. बाबा मला त्याच नावाने हाक मारत आले आहेत. पहिली हाक हळू होती, घरात ओसरीवरून मारतात तशी. दुसरी जरा मोठी. मग ओरडून, "ए मोठ्याऽऽ!"

मी पट्टा सोडून उभा राहिलो. विमानाने धक्का दिला आणि मी समोरच्या सीटवर आपटलो. स्पीकरवर हिंदीत, मग इंग्रजीत सूचना आली की मागे उभ्या असलेल्या प्रवाशाने ताबडतोब बसावं. बाजूच्या मुलाने माझा हात धरून खाली ओढलं.

मी बसूनच ओरडलो, "बाबा, मी इथंच आहो! मागं आहो मी!"

सगळ्या माना वळल्या. बाबांना वळता येत नव्हतं, पट्टा होता. आणि आवाज कुठून येतो हे त्यांना कळत नव्हतं. माझ्या आवाजाने ते जास्तच घाबरले. बावीस रांगांच्या डोक्यांवरून मला फक्त त्यांचा पांढरा रुमाल दिसत होता. ते डोक्याला रुमाल बांधतात. तो रुमाल वर यायचा, कोणीतरी खाली बसवायचं, पुन्हा वर यायचा.

"सोडा मले! पोरगा हरपला माझा! सोडा!"

मी त्यांना शोधत फिरलो होतो त्या प्रत्येक वेळी, स्टेशनवर, बाजारात, गोंदिया-गोरेगाव रस्त्यावर, मला वाटायचं की हरवतात ते. त्यांच्या बाजूने पाहिलं तर हरवलेला मी होतो.

ती एअर होस्टेस पुढच्या भिंतीशी पट्टा बांधून बसली होती. ती हिंदीत सारखी सांगत होती, "दादाजी, बेटा पीछे है, अभी आएगा." बाबांना हिंदी चांगली येते. पण त्या वेळी त्यांना काहीच येत नव्हतं. मग त्यांचं ओरडणं थांबलं आणि रडणं सुरू झालं. बाबांना रडताना मी आई गेली तेव्हाही पाहिलं नव्हतं. ते रडणं सगळं विमान ऐकत होतं. कोणी कुरकुर केली नाही. माझ्या बाजूचा मुलगा खिडकीबाहेर पाहत बसला. मी दोन्ही हातांनी समोरची सीट घट्ट धरून ठेवली होती. दुसरं करण्यासारखं काही नव्हतं.

किती वेळ गेला सांगता येणार नाही. पंधरा मिनिटांपेक्षा नक्कीच जास्त. दिवा बंद होताच मी धावलो.

बाबांची पँट ओली झाली होती. त्या गुडघेवाल्या माणसाने आपलं जॅकेट काढून त्यांच्या मांडीवर घातलं होतं आणि त्यांचा हात आपल्या दोन्ही हातांत धरला होता. त्याचा ऑपरेशनचा पाय तसाच दुमडलेला होता. बाबांना दाबून बसवताना तो दुमडला असणार. त्याच्या कपाळावर घाम होता. मला पाहून तो बाबांना म्हणाला, "हे बघा, आला तुमचा मुलगा."

बाबांनी माझ्याकडे नीट पाहिलं. वरपासून खालपर्यंत.

"हा नाही," ते म्हणाले. "माझा लहान आहे."

मी खाली बसलो, रांगांमधल्या वाटेवरच. "बाबा, मीच ना. मोठा."

"तुमी चांगले मानूस दिसता," ते म्हणाले. "कुठी दिसला तर सांगजा. निळा सदरा आहे त्याचा."

तो माणूस उठला, लंगडत माझ्या जागेवर जातो म्हणाला. मीच त्याला जाऊ दिलं नाही. मागचा मुलगा पुढे आला, होस्टेसने बाबांना मागे आणायला मदत केली, जुने पेपर आणि एक चादर दिली. उरलेला वेळ मी बाबांच्या बाजूला होतो. ते प्रत्येक लहान पोराकडे मान वळवून पाहत होते.

बेंगळुरूला विमानतळावर भावाने एक नजर टाकली आणि सगळं ओळखलं. बाबांना आंघोळ घालून निजवल्यावर त्याने विचारलं, "किती लागले असते रे?"

मी आकडा सांगितला. तो उठून दुसऱ्या खोलीत गेला. त्याने शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

डॉक्टरने बाबांना तीन शब्द सांगितले आणि थोड्या वेळाने विचारले. एकही आठवला नाही. डोक्याचा फोटो काढला. मग आम्हा दोघांना बसवून त्याने सरळ सांगितलं की गोळ्यांनी थोडा वेग कमी होईल, गेलेलं परत येणार नाही. मी विमानातलं सांगितलं आणि विचारलं, त्याच्यामुळे आजार वाढला का? तो म्हणाला, "तसं म्हणता येत नाही. आज ना उद्या हे होणारच होतं." तो मला धीर देत होता की नुसतं खरं सांगत होता, कळलं नाही. तेव्हापासून आजपर्यंत बाबांनी मला "मोठ्या" म्हणून हाक मारलेली नाही.

परतीचं तिकीट भावाने काढलं. सगळ्यात महाग. पहिली रांग, दोन्ही सीट बाजूबाजूला, सगळ्यांच्या आधी आत, जेवण, दारापर्यंत चाकाची खुर्ची. आणि सांगायला हवं, पैसे दिले त्यातलं सगळं मिळालं. पाय लांब करायला जागा होती. दारात होस्टेसने वाकून नमस्कार केला. हवा स्वच्छ होती. गरम उपमा आला, बाबांनी तो चवीने खाल्ला. मी त्यांचा हात हातात घेऊन बसलो होतो आणि त्यांनी तो काढूनही घेतला नाही.

थोड्या वेळाने त्यांनी अदबीने विचारलं, "तुमी कोनत्या गावचे?"

मी गावाचं नाव सांगितलं.

"हो का?" त्यांना आनंद झाला. "आमच्याच गावचे! कोनाचे तुमी?"

मी त्यांचंच नाव सांगितलं. त्यांनी बराच विचार केला. "नाही बा, आठवत नाही," म्हणाले. "पन भेटून बरं वाटलं."

नागपूर येईपर्यंत त्यांनी मला चारदा गाव विचारलं. अशी सीट आधी घेतली असती तर, हा हिशेब मी त्या दोन तासांत किती वेळा केला ते मलाच माहीत.

त्यानंतर मी "नको" दाबणं बंद केलं. प्रत्येक गिऱ्हाइकाला विचारायला लागलो, विशेषतः म्हातारी माणसं असली की. काहींना बाबांचा प्रसंग सांगितला. लोक ऐकायचे. एका बाईच्या डोळ्यांत पाणी आलं. मग स्क्रीनवरचा आकडा पाहून तिने पदराने डोळे पुसले आणि म्हणाली, "भैया, दो घंटे की तो बात है, निकल जाएगा." मला तिचा राग आला नाही. विचारलं तर सगळेच म्हणतात की सेवा चांगली द्या, दोन पैसे जास्त देऊ. आकडा समोर आला की प्रवास दोनच तासांचा होऊन जातो. माझाही झाला होता.

ज्यांनी ऐकलं त्यांचं काय झालं, तेही सांगतो. आमगावचे एक निवृत्त गुरुजी आणि त्यांची पत्नी मुलीकडे निघाले होते. बाईंना कमी ऐकू येतं. मी हट्ट करून त्यांना शेजारच्या दोन सीट, पुढची रांग, सगळं घ्यायला लावलं. गुरुजींनी खळखळ केली नाही. पण निघायच्या दिवशी कंपनीने ते विमानच रद्द केलं आणि दुसऱ्यात बसवलं. तिथं त्यांना कुठल्या सीट मिळाल्या असतील? एक पुढे, एक पार शेवटी. त्यात उतरल्यावर बाई घोषणा न ऐकू आल्यामुळे भलत्याच पट्ट्यापाशी सामानाची वाट पाहत उभ्या राहिल्या. तासाभराने सापडल्या.

परत आल्यावर गुरुजी दुकानात आले. आवाज न चढवता म्हणाले, "बाबू, तुमच्या सांगण्यानं घेतलं आमी. मंग आमी पैसे दिले ते कायले?"

मी त्यांची तक्रार टाइप करून पाठवली. तिकडून लगेच उत्तर आलं की आपली गैरसोय झाली याबद्दल आम्ही दिलगीर आहोत. कोणा माणसाने लिहिलेलं ते नव्हतं. मी पुन्हा पाठवली, पुन्हा तेच आलं, एक अक्षर इकडचं तिकडे नाही. गुरुजींनी मी छापून दिलेली दोन्ही उत्तरं वाचली, कागद घडी करून खिशात ठेवले. जाताना म्हणाले, "पुढच्या वेळी सगळ्यात स्वस्त काढा. निदान आशा तरी राहणार नाही."

आता मी कोणाला काही सांगत नाही. विचारायचं तेवढं विचारतो, ते म्हणतील ते दाबतो.

बाबांना पुन्हा विमानात बसवायचा प्रश्न नाही. भावाचा फोन येतो. दिल्लीला कोणी डॉक्टर आहे म्हणतो, सगळ्यात वरच्या क्लासचं तिकीट काढू म्हणतो, पैशाची काळजी करू नको म्हणतो. मी म्हणतो, तूच ये.

मागच्या महिन्यात तो आला. नागपूरला उतरून गोंदियापर्यंत रेल्वेने, दुपारी घरी. तोंड सुकलेलं, मान अवघडलेली. मी विचारलं, कोणत्या विमानाने आलास? त्याने नजर टाळली. स्वस्तातलं काढलं होतं. मधे एका शहरात सहा तास बसून, खायला काही न घेता. "एकट्यालेच तर यायचं होतं," तो म्हणाला.

बाबा खाटेवर बसले होते. तो त्यांच्या पाया पडला. त्यांनी त्याला ओळखलं नाही. पण ते त्याच्याकडे पाहत राहिले, नेहमीपेक्षा जास्त वेळ. मग माझ्या बायकोला हाक मारून म्हणाले, "ओ बाई, हा पोरगा उपाशी दिसते. याले जेवाले वाढा आधी."

बायकोने ताट वाढलं. भाऊ त्यांच्या खाटेजवळ खाली बसून जेवला, आणि बाबा त्याचं जेवण होईपर्यंत तिथून उठले नाहीत.